लेखनिक, जादा वेळ आणि वाचता येतील अशा नोट्स: दिव्यांग विद्यार्थ्यांनी कॉलेजात काय, केव्हा आणि कसं मागायचं

लेखनिकासाठी, म्हणजे तुम्ही सांगाल ते उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्या मदतनिसासाठी, धावाधाव सुरू होते ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, आणि तिथेच गणित चुकतं. परीक्षा विभागाच्या लेखी तुमची परीक्षा सुरू होते ती फॉर्म भरला जातो त्या दिवशी. फॉर्मातल्या ‘दिव्यांग’ रकान्यावर खूण नसेल तर केंद्राच्या यादीत तुमच्या नावापुढे काहीच येत नाही, वेगळी खोली ठरत नाही, जादा वेळ थांबणारा पर्यवेक्षक नेमला जात नाही. मग पेपरच्या सकाळी केंद्रप्रमुख म्हणतात, ‘आम्हाला वरून काही कळवलेलं नाही.’ बहुतेक वेळा ते खरंच बोलत असतात.

म्हणून खालची कामं प्रवेश झाल्या झाल्या हाती घ्या. हे सगळं महाराष्ट्रातलं विद्यापीठ आणि त्याला संलग्न कॉलेज डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. कायदा देशभर एकच, कचेरीची रीत मात्र जागोजागी वेगळी.

आधी कागद

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. अंधत्व, बहिरेपण, अस्थिव्यंग हे सगळ्यांना ठाऊक असतात. पण विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचणं, लिहिणं, गणित यांतली अडचण), स्वमग्नता, मानसिक आजार आणि हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल हे रक्ताचे आजारही त्याच यादीत आहेत. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या सिकलसेल असलेल्या मुलामुलींपैकी कित्येकांना आपण या कायद्यात बसतो हे पदवी हातात पडेपर्यंत कळत नाही.

लागणारं मुख्य कागदपत्र म्हणजे दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) कार्ड. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच मिळतं. अर्ज ऑनलाइन भरायचा, आधार, फोटो आणि सही चढवायची, रुग्णालय निवडायचं, मग तिथे तपासणीला जायचं. कार्डाचा रंग टक्केवारीवर ठरतो: ४० टक्क्यांच्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि त्यापुढे निळा. तुमच्याकडे जुनं प्रमाणपत्र असेल तर तेच चढवून अर्ज करता येतो. कार्डाला वेळ लागतो, नियमांतली मुदतच आता तीन महिन्यांची आहे. तोवर नोंदणी क्रमांकाची पावती आणि असेल ते प्रमाणपत्र अर्जाला जोडा, कार्डाची वाट पाहत अर्ज थांबवू नका.

अध्ययन अक्षमता असलेल्यांची फसगत ठरलेली असते. शाळेत चौदाव्या वर्षी काढलेलं प्रमाणपत्र दहावी-बारावीला चाललेलं असतं, पदवीच्या पहिल्या वर्षाला क्लार्क ते परत करतो. मूल्यमापनाच्या नियमांनुसार ही तपासणी वयाच्या आठव्या वर्षानंतर, पुन्हा चौदाव्या वर्षी आणि पुन्हा अठराव्या वर्षी होते. अठरा पूर्ण झाल्यावर मिळालेलं प्रमाणपत्र कायमचं. म्हणजे अठरावा वाढदिवस झाला की पहिलं काम तपासणीची तारीख घेणं. सरकारी रुग्णालयांत या तपासणीला दोन-तीन खेपा होतात आणि रांग मोठी असते, तेव्हा सुट्टीतच उरकून टाका.

नावाचं स्पेलिंग आधार, मार्कशीट आणि यूडीआयडीवर एकसारखं आहे ना, हे आत्ताच पाहून ठेवा. शिष्यवृत्तीचे अर्ज परत येतात ते बव्हंशी या एका अक्षरापायी.

४० टक्क्यांच्या वर आणि खाली

शासकीय आणि अनुदानित संस्थांमधल्या किमान ५ टक्के राखीव जागा आणि प्रवेशाच्या वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट यांसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व लागतं. मात्र वर्गातल्या आणि परीक्षेतल्या सोयी हा वेगळा विषय आहे. अधिनियमाचं कलम १६ शासनाने मान्यता दिलेल्या संस्थांनाही लागू होतं, म्हणजे विनाअनुदानित कॉलेजही त्यातून सुटत नाही. आणि तिथे ४० टक्क्यांची अट नाही.

परीक्षेबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग’ या निकालात स्पष्टच सांगितलं: लिहायला अडचण असेल तर केवळ टक्केवारी ४० च्या खाली आहे म्हणून लेखनिक नाकारता येत नाही. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राने ४० टक्क्यांच्या खालच्यांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत लिहिण्यातल्या अडचणीचं प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालचं वैद्यकीय मंडळ देतं. एकट्या डॉक्टरच्या लेटरहेडवरची चिठ्ठी इथे चालत नाही. अर्ज फेटाळला जायला तेवढं पुरतं.

अर्ज: एक पान, दोन प्रती

कॉलेजात समान संधी कक्ष किंवा दिव्यांग कक्ष आहे का ते विचारा. असेल तर त्याच्या समन्वयकामार्फत, नसेल तर थेट प्राचार्यांच्या नावाने अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि ज्यांनी ‘हो, करू’ म्हटलेलं असतं त्यांची बदली होते.

बहुतेक अर्जांत असं वाक्य असतं: ‘मी दिव्यांग असून मला सर्व सवलती मिळाव्यात ही नम्र विनंती.’ यावर कुणी काय करणार? काय होतं आणि त्यासाठी काय हवं, हे जोडीने लिहावं लागतं. असं:

‘सलग १५ मिनिटं लिहिल्यावर उजव्या हाताची बोटं आखडतात व अक्षर वाचता येत नाही. सबब (१) सत्र परीक्षा व अंतर्गत चाचण्या दोन्हींसाठी लेखनिक व तासाला २० मिनिटं जादा वेळ, (२) वर्गात व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण करण्याची परवानगी, (३) प्रयोगवही हाताने लिहिण्याऐवजी टाइप करून देण्याची मुभा मिळावी.’

विषयाच्या ओळीत ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये वाजवी सोयीसुविधा मिळण्याबाबत’ असं लिहा. ‘सवलत’ हा शब्द टाळलेला बरा. तो वाचला की समोरच्याला आपण उपकार करतो आहोत असं वाटू लागतं. कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा नावानिशी उल्लेख आहे. अर्जात तेवढं कलम पुरे, सगळा कायदा उतरवून काढायची गरज नाही.

दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, मग बघू’ म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय हलू नका. त्याच संध्याकाळी शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो प्राचार्य आणि परीक्षा विभाग दोघांना ईमेल करा. आजारपणामुळे हजेरी कमी पडणार असेल (रक्त चढवण्याचे दिवस, सिकलसेलची कळ, मानसिक आजाराची औषधं बदलण्याचा काळ) तर तेही याच अर्जात लिहा. सत्राअखेरीस ७५ टक्क्यांहून कमी हजेरीच्या यादीत नाव लागल्यावर दिलेली वैद्यकीय कागदपत्रं म्हणजे पश्चातबुद्धी समजली जाते.

लेखनिक

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

केंद्र सरकारची २९ ऑगस्ट २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं लेखी परीक्षांचा पाया ठरली; २०२५ मध्ये केंद्राने सुधारित तत्त्वं काढली, म्हणून खालचे २०१८ चे तपशील विद्यापीठाच्या चालू परिपत्रकाशी ताडून पाहा. अंधत्व, दोन्ही हात बाधित असणं आणि सेरेब्रल पाल्सी या तीन गटांत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर मागितल्यावर लेखनिक द्यायचाच असतो. इतर गटांना ‘लिहिण्यास शारीरिक मर्यादा आहे’ असं शासकीय रुग्णालयाच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात लागतं. लेखनिक स्वतःचा आणायचा की परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा घ्यायचा, ही निवड तुमची. संस्थेचा घेतलात तर त्याला परीक्षेच्या दोन दिवस आधी भेटू द्यावं, असं तत्त्वांतच लिहिलेलं आहे. विचारलं नाही तर कुणी आपणहून भेटवत नाही.

स्वतःचा लेखनिक शिक्षणाने तुमच्यापेक्षा एक पायरी खाली हवा. आता पायरी म्हणजे एक वर्ष की एक पदवी, हे तुमच्या विद्यापीठाच्या परिपत्रकात पाहा. चालू वर्षाचंच परिपत्रक घ्या, हे नियम बदलत असतात. पदवीच्या विद्यार्थ्याने अकरावी-बारावीचा लेखनिक घेतला तर दोन्ही अर्थांनी तो बसतो. काही ठिकाणी लेखनिक दुसऱ्या शाखेचा असावा अशीही अट असते. हमीपत्र, लेखनिकाचं ओळखपत्र, त्याच्या कॉलेजचं बोनाफाईड आणि दोन फोटो तयार ठेवा.

तारखांचा मेळ आधीच घाला. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, म्हणून एप्रिल-मेच्या विद्यापीठ परीक्षेला बारावी देऊन मोकळी झालेली मुलं मिळतात. हिवाळी सत्राला मात्र पंचाईत: त्यांची सहामाही आणि तुमचा पेपर एकाच आठवड्यात आपटतात. दोन लेखनिक मंजूर करून घ्या, एक मुख्य आणि एक राखीव. तापाने फणफणलेल्या लेखनिकाच्या जागी सकाळी सात वाजता शेजारचा मुलगा उभा केला तर केंद्र त्याला आत घेईलच असं नाही. भाषेच्या पेपरला वेगळा लेखनिक लागत असेल तर तोही मागता येतो; एका विषयाला मात्र एकच.

लेखनिक ठरला की किमान दोन पूर्ण पेपर त्याच्यासोबत घड्याळ लावून लिहून काढा. तीन तासांचा पेपर तुमच्यासाठी चार तासांचा असतो, आणि न सरावलेला हात तिसऱ्या तासाला थकतो. सरावात या गोष्टी पक्क्या करा: लेखनिकाने सुरुवातीला पूर्ण प्रश्नपत्रिका गुणांसह एकदा वाचायची, उत्तर देण्याआधी तो प्रश्न पुन्हा वाचायचा; तुम्ही ‘स्वल्पविराम’, ‘नवा परिच्छेद’, ‘अधोरेखित’ असं बोलायचं; पारिभाषिक शब्दांचं स्पेलिंग पहिल्यांदा येताना अक्षरन् अक्षर सांगायचं. त्या शब्दांची यादी करून आधीच वाचायला दिलीत तर फारच उत्तम. आकृती तोंडी सांगायची असेल तर क्रम ठरवा: आधी बाह्यरेषा, मग आतले भाग घड्याळाच्या दिशेने, शेवटी नावं. ‘मधोमध एक गोल, त्याच्या तीनच्या बाजूला बाण’ असं बोलण्याची सवय सरावाशिवाय येत नाही.

सांगण्याचा वेगही सांभाळावा लागतो. डोक्यातलं वाक्य पूर्ण बोलून टाकलं की लेखनिक अर्ध्यातच अडकतो, ‘काय म्हणालास?’ विचारतो, आणि तुमचा धागा तुटतो. सहा-सात शब्दांचे तुकडे करा, पेनाचा आवाज थांबला की पुढचा तुकडा.

पेपरच्या दिवशी पाऊण तास आधी पोहोचा. मंजुरीपत्राच्या तीन प्रती जवळ ठेवा: एक केंद्रप्रमुखाला, एक खोलीतल्या पर्यवेक्षकाला, एक तुमच्यासाठी. खोली तळमजल्यावर आणि इतरांपासून वेगळी मागा. दोघांचं बोलणं चालू राहणार असतं. प्रश्नपत्रिका हातात पडली ती वेळ लेखनिकाकडून मोठ्याने वदवून घ्या आणि पर्यवेक्षकाला नोंदवायला सांगा. दहा मिनिटं उशिरा मिळाली असेल तर शेवटी तीच नोंद कामी येते. पुरवण्या जोडल्या, बैठक क्रमांक प्रत्येक पुरवणीवर आला, बारकोडची जागा मोकळी राहिली, हे लेखनिकाला मोजून सांगायला लावा. उत्तरं बरोबर असूनही पुरवणी सुटी राहिल्याने गुण जातात.

जादा वेळ मोजायचा कसा

तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे मूळ वेळेचा एक तृतीयांश. तीन तासांना ६० मिनिटं, अडीच तासांना ५०, दोन तासांना ४०, एका तासाला २०, अर्ध्या तासाच्या चाचणीला १०. वेळ ५ मिनिटांच्या पटीत द्यायचा असतो. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेला विद्यार्थी लेखनिक घेत नसला तरी त्याला हा वेळ मिळतो. ‘लेखनिक नाही तर जादा वेळ नाही’ हा कचेऱ्यांतला गैरसमज आहे.

दोन ठिकाणी वेळ हमखास बुडतो. पहिलं म्हणजे अंतर्गत चाचण्या: शिक्षक नेहमीच्या तासिकेत चाचणी घेतात, घंटा वाजते, पुढचे सर दारात उभे. चाचणीच्या आठवडाभर आधी शिक्षकांना लेखी आठवण द्या आणि खोली वेगळी मागा. दुसरं म्हणजे ऑनलाइन परीक्षा. तिथे वेळ सॉफ्टवेअरमध्ये आधी भरावा लागतो; पर्यवेक्षक कितीही भला असला तरी ठरलेली मिनिटं संपली की पडदा बंद होतो. सराव चाचणीतच तुमच्या लॉगिनला किती मिनिटं दिसतात ते पाहा.

ब्रेल पाटी, टेलर फ्रेम (अंधांसाठीची गणिताची पाटी), अबॅकस, बोलणारा कॅल्क्युलेटर, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, संगणकावर उत्तरं लिहिणं, हे सगळं २०१८ च्या तत्त्वांत बसतं. संगणक घेणार असाल तर आदल्या दिवशी तपासून घेण्याची मुभा आहे. मराठी कीबोर्डची मांडणी तुमच्या सवयीची आहे का, एवढं नक्की बघा.

वाचता येतील अशा नोट्स

दृष्टिबाधित विद्यार्थ्याला सर मोठ्या मनाने नोट्सची फाइल पाठवतात. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) ती उघडतो आणि वाचू लागतो: ‘डब्ल्यू, स्लॅश, एक्स, ब्रॅकेट…’ फाइल पडद्यावर दिसते शुद्ध मराठी, पण टाइप केलेली असते श्री-लिपी किंवा कृतीदेवमध्ये. या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. डोळ्याला ‘क’ दिसतो, संगणकाच्या लेखी तिथे भलतंच अक्षर असतं. इलाज एकच: मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत असलेल्या पद्धतीत, बदलून घेणं. त्यासाठी परिवर्तक मोफत मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, म्हणून डोळस मित्राकडून एकदा नजर फिरवून घ्या. शिक्षकांना सांगताना ‘ॲक्सेसिबल फाइल द्या’ म्हणू नका. ‘मंगल किंवा कोणत्याही युनिकोड फॉन्टमधली वर्ड फाइल द्या, पीडीएफ नको’ असं सांगा.

दुसरी अडचण म्हणजे पुस्तकाचे फोटो काढून केलेली पीडीएफ. ते नुसतं चित्र असतं. ३०० डीपीआयला, पान सपाट दाबून, सरळ स्कॅन केलं तर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर) देवनागरी बऱ्यापैकी ओळखतो. झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून केलं तर मात्र अनुस्वार गळतात आणि ‘घ’चा ‘ध’ होतो. २०१२ सालच्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ दिव्यांग वाचकांसाठी पुस्तकाची वाचनीय प्रत करायला परवानगी देतं. ग्रंथपाल ‘कॉपीराइटचा प्रश्न येईल’ म्हणाले तर एवढंच दाखवा. तयार पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय या दिव्यांग वाचकांच्या ऑनलाइन ग्रंथालयाचं सभासदत्व घ्या. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून चालणारं दृष्टिबाधितांसाठीचं एक्सआरसीव्हीसी केंद्र आणि वरळीची नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) ही विचारपूस करायची ठिकाणं आहेत. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे आणि मराठी वाचतो. महागडं सॉफ्टवेअर मिळेपर्यंत अडून बसू नका.

कानांचं आणि पायांचं

ऐकायला कमी येणाऱ्यांनी पहिल्या बाकापेक्षा दुसऱ्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसावं. तिथून शिक्षकांच्या चेहऱ्यावर उजेड असतो आणि मान वर करावी लागत नाही. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, एवढी विनंती दर नव्या शिक्षकाला पहिल्या दिवशी करा. तोंडी परीक्षेत प्रश्न लिहून मागा.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी वेळापत्रक लागायच्या आधी अर्ज द्यावा, कारण वर्ग तळमजल्यावर आणणं जूनमध्ये सोपं असतं, ऑगस्टमध्ये कुणी हलत नाही. रॅम्प आहे असं कॉलेज म्हणतं, मोजून पाहा. उतार १ ला १२ हवा. तीन पायऱ्यांची ४५ सेंटिमीटर उंची चढायला ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागतो, आणि दिसतो बहुधा दोन मीटरचा. त्यावरून खुर्ची उलटते. दार किमान ९० सेंटिमीटर रुंद हवं. स्वच्छतागृह असतं, पण कुलूपबंद किंवा झाडू-बादल्यांनी भरलेलं. किल्ली कुणाकडे हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

पैसे

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर केंद्राची मॅट्रिकोत्तर योजना आहे (पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत), आणि राज्याची योजना महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर आहे. अर्ज भरून झाल्यावर तो कॉलेजच्या लॉगिनमध्ये अडकला आहे का हे दर आठवड्याला पाहा. कॉलेजने पुढे पाठवला नाही तर तो तिथेच मरतो. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं.

नकार आला तर

लेखी नकार मागा, कारणासह. अनेकदा तेवढ्यानेच मंजुरी येते, कारण नाकारण्याचं कारण सहीनिशी लिहायला कुणी राजी नसतं. मग पायरीपायरीने वर जा: प्राचार्य, विद्यापीठाचा परीक्षा विभाग आणि समान संधी कक्ष, शासकीय संस्था असेल तर कलम २३ खालचा तक्रार निवारण अधिकारी. त्यापुढे पुण्यातले दिव्यांग कल्याणाचे राज्य आयुक्त. त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत आणि त्यांच्या शिफारशीवर काय केलं हे संबंधितांना तीन महिन्यांत कळवावं लागतं. तक्रारीत भावनांपेक्षा तारखा लिहा: अर्ज कधी, आवक क्रमांक काय, उत्तर काय, पेपर कधी. पेपर आठवड्यावर आला असेल तर ती तारीख पहिल्याच ओळीत ठळक हवी.

मंजुरीपत्र बऱ्याचदा एका परीक्षेपुरतंच असतं. सत्र संपलं की अर्ज, पोच, प्रमाणपत्रं आणि मंजुरी एका फाइलमध्ये लावून ठेवा, मोबाइलमध्ये स्कॅन ठेवा आणि पुढच्या सत्राचा परीक्षा फॉर्म सुटला की तारीख बदलून तोच अर्ज पुन्हा आवकमध्ये द्या.